भाऊसो मोहित्यांची पिन

तासगावाहून मणेराजुरीकडे जाताना डाव्या हाताला पत्र्याचं एक शेड लागतं. त्याला पाटी नाही. दारात उसाच्या ट्रॉल्यांच्या दांड्या, हूक आणि साखळ्यांचा ढीग पडलेला असतो आणि त्या ढिगामागे एक उंच, कोरडा माणूस वाकून काहीतरी घासत असतो. ते भाऊसो मोहिते. रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, माझं घर. मी विजयमाला शिंदे, एसटीत सत्तावीस वर्षं कंडक्टर होते, आता निवृत्त आहे. मला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची सवय आहे असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. सत्तावीस वर्षं रोज शे-दोनशे माणसांना 'कुठं जायचंय' विचारत आले, ती खोड निरोपाचा हार गळ्यात पडला म्हणून सुटत नाही.

भाऊसो पिना बनवतात. गळीत हंगामात एक ट्रॅक्टर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढतो ते तुम्ही पाहिलं असेल. त्यांच्या मागं एसटी अडकली की आम्ही ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्यांची आठवण काढायचो. तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये, आणि ट्रॉली आणि ट्रॉली यांच्यामध्ये जे काही असतं ते म्हणजे एक पिन. दोन बोटं जाड, वीतभर लांब. ती सुटली तर कितीतरी टन ऊस आपल्या मनानं रस्ता धरतो. भाऊसो प्रत्येक पिनेवर नंबर ठोकतात आणि वहीत लिहितात की ती कुठल्या गावाला गेली. आजवर त्यांची एकही पिन सुटलेली नाही. ते स्वतः हे सांगत नाहीत. पण दुसऱ्या कुणाच्या पिनेची गोष्ट निघाली की मान खाली घालून इतकं बारीक हसतात, की माझं डोकं फिरतं.

त्याआधी ते सैन्यात होते. बिघडलेल्या गाड्या डोंगरातून ओढून आणायच्या, हे त्यांचं काम. ओढल्या जाणाऱ्या गाडीतही स्टेअरिंगवर एक माणूस बसवावा लागतो, आणि तो माणूस सोळा वर्षं बहुतेक वेळा भाऊसोच होते. मी एकदा विचारलं, "लडाख लय देखणं असंल न्हवं?"

"असंल की," ते म्हणाले. "मी पुढच्या गाडीची पाठ बघितली."

असा माणूस. त्यांच्याकडून काही समजून घ्यायचं तर तोंडी उत्तर मिळत नाही. हात धरून वस्तूवर ठेवतात आणि गप्प उभे राहतात. एवढ्या वर्षांत त्यांनी मला आपणहून सांगितलेली गोष्ट एकच. ते मूळचे कोयनानगरच्या वरच्या अंगाचे. कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. जमीन हलली तशी दारातली बैलगाडी बैलांशिवाय उताराला लागली आणि खाली वळण आलं तिथं आपोआप वळली.

"वळली का बांधाला अडकली?" मी विचारलं.

"वळली."

मी सोडून दिलं. आठ वर्षांच्या पोराला काय काय दिसतं.

गेल्या फाल्गुनात त्यांच्या शेडसमोर एक अजब वरात येऊन थांबली. पुढे एक जुनी बस, क्रीम रंगानं रंगवलेली, खिडक्यांना पडदे, टपावर पाण्याची टाकी. मागे एक पिकअप, तिच्यात बेदाण्याच्या रिकाम्या पेट्या. बसच्या ड्रायव्हर सीटवरून साठीच्या आसपासची एक बाई उतरली आणि पदर खोचत सरळ नळाकडे हात धुवायला गेली. मी चुलीवरचं दूध तसंच सोडून रस्ता ओलांडला. ते दूध नंतर उतू गेलं, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

बाई म्हणजे दीपालीताई मगदूम. नवरा जिनपालराव. बेदाण्याचं शेड आणि द्राक्षबाग मुलाच्या, सम्मेदच्या हवाली करून या दोघांनी नऊ वर्षांपूर्वी लिलावातली बस घेतली आणि तिचं घर केलं. आत पलंग, शेगडी, मोरी सगळं. दर उन्हाळ्यात निघायचं आणि दिवाळीला परत यायचं. बस जिनपालरावांनी चालवायची असं ठरलं होतं, पण पहिल्याच दिवशी रिव्हर्स घेताना त्यांनी शेडची भिंत पाडली. दीपालीताईंचा हात बागेतल्या ट्रॅक्टरवर बसलेला. त्यांनी बस घेतली, परवाना काढला. जिनपालरावांच्या वाट्याला पिकअप आली. बस गल्लीबोळात शिरत नाही, म्हणून ती गावाबाहेर उभी करायची, आणि पिकअप घेऊन आठवडी बाजारात बेदाणे विकायचे. डिझेल त्यातूनच सुटायचं. नऊ वर्षं हे असं चाललं होतं, पुढे बायको, मागे नवरा.

"मग आज पिकअप कुनी आनली?" मी विचारलं.

"सम्मेदनं," जिनपालराव म्हणाले. "मला आता मनाई हाय."

त्यांना काचबिंदू झाला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडेचं दिसणं गेलं, मधलं शिल्लक आहे. ते औषधानं टिकवू, पण स्टेअरिंगला हात लावायचा नाही. जिनपालरावांनी दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूला धरून आम्हाला दाखवलं, बैलाला झापडं बांधतात तसं. समोरचे भाऊसो दिसत होते. शेजारची मी दिसत नव्हते, आणि तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं.

"भाऊसो," ते म्हणाले, "पिकअप हिच्या मागनं गेली पायजे. चारी चाकं रस्त्यावर, आत कोन बी न बसता. तुमी ट्रॉलीला ट्रॉली जोडताय तशी जोडायची."

"ट्रॉलीला डोकं नसतंय वो," भाऊसो म्हणाले. "पिकअपला हाय, स्टेरिंग."

"जमनार न्हाई म्हना. बस विकून टाकतो. सांगलीत खोली हाय मुलाची. बसतो तिथं, भिंतीकडं बघत."

दीपालीताई नळाजवळच थांबल्या होत्या. त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि पदरानं पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. भाऊसोंनी ते पाहिलं. मग ते पिकअपच्या खाली शिरले. त्यांचे पाय तेवढे बाहेर राहिले, आणि ते पाऊण तास तसेच होते.

पुढचे दोन महिने माझं घराकडे लक्ष नव्हतं. बसच्या मागे पिकअप लावायची, यात एवढं काय शिकायचं असेल असं मला वाटायचं. शिकायचं लय होतं.

पहिली गोष्ट कैची. पिकअपच्या पुढच्या बंपरमागे, थेट चासीला बोल्ट केलेली जाड पट्टी, तिला दोन पाय, आणि ते दोन्ही पाय बसच्या मागच्या हुकाजवळ एकत्र येतात. घराच्या पत्र्याखाली कैची असते, तशीच आडवी. दोन पाय का, एकच दांडी का नाही, असं मी विचारलं. भाऊसोंनी एक काठी माझ्या हातात दिली, दुसरं टोक स्वतः धरलं आणि डावीकडे-उजवीकडे चालू लागले. मी झोकांड्या खाल्ल्या. मग दोन काठ्या दिल्या, माझ्या दोन्ही हातांत एकेक. आता ते जिकडे वळले तिकडे मी निमूट वळले. माझ्या नवऱ्याला हे कधी जमलं नव्हतं.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्स. जिनपालरावांचं म्हणणं, न्यूट्रल टाकली की झालं. भाऊसो नुसते हं म्हणाले आणि तशीच पिकअप बसमागे बांधून मणेराजुरीपर्यंत नेऊन आणली. त्या दिवशी सम्मेदला आत बसवलं होतं. परत आल्यावर जिनपालरावांचा हात धरून गाडीखाली गिअरबॉक्सवर ठेवला. जिनपालरावांनी चटका बसल्यासारखा काढून घेतला, कारण चटकाच बसला होता.

"इंजिन बंद," भाऊसो म्हणाले, "तर आतलं खालचं दातं झोपल्यालं. त्येच तेल वर उडवत्यात. आन् मागची चाकं वरचा दांडा फिरवाय लागल्यात. कोरडाच. मिरजंपातूर कड निघंल, नागपूरपातूर न्हाई."

म्हणून प्रत्येक प्रवासाआधी मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट सोडवायचा, चार बोल्ट काढून, आणि पट्ट्यानं वर बांधून ठेवायचा. म्हणजे चाकं फिरतील ती एकटीच फिरतील. हे काम दीपालीताई शिकल्या. पहिल्या दिवशी एक तास, आठव्या दिवशी बारा मिनिटं. गाडीखालून बाहेर आल्या की त्यांच्या कपाळावर ग्रीसचा पट्टा असायचा. कुणी दाखवला तर म्हणायच्या, राहू दे, अजून एकदा जायचंय.

तिसरी गोष्ट ब्रेक, आणि ही मला सगळ्यात आवडली. बस थांबायला लागली की मागची पिकअप तिला ढकलणार. भाऊसोंनी कैचीच्या तोंडाशी एक सरकता दांडा बसवला. पिकअप ढकलायला लागली की तो दांडा मागे सरकतो, तार ओढतो आणि पिकअपचाच ब्रेक दाबतो. जेवढी जोरात ती ढकलेल तेवढी जोरात स्वतःच थांबेल. सैन्यातल्या ट्रेलरला असं असतं म्हणे. मी म्हटलं, हे काही माणसांना बसवून देता का? त्यावर ते पहिल्यांदा खळखळून हसले.

एक गोष्ट मात्र कुणालाच करता येणार नव्हती, ती म्हणजे रिव्हर्स. जोडी लावून मागे घेतली की कैची वाकलीच. जिनपालराव म्हणाले, रिव्हर्सचं आणि आमचं आधीपासून जमत नाही.

आणि चौथी गोष्ट माझी. बसच्या ड्रायव्हरला मागं काय चाललंय ते कळत नाही, म्हणून तर कंडक्टर असतो. माझ्याकडे जुन्या गाडीतली दोरीची घंटी होती. कुठून आली ते विचारू नका. ती मी आणून दिली. भाऊसोंनी ती दीपालीताईंच्या डोक्यावर बसवली आणि दोरी बसच्या छताला धरून शेवटच्या खिडकीपर्यंत नेली. तिथून एक बारीक तार पिकअपला. पिकअप सुटली तर तार ब्रेकही ओढणार आणि घंटीही वाजवणार. मी जिनपालरावांना नियम शिकवला. एक घंटी म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. त्यांनी तो दोनदा म्हणून दाखवला, शाळेतल्यासारखा.

कागदांसाठी जिनपालरावांना सरकारी कचेरीत किती खेटे घालावे लागले ते सांगत बसत नाही. भाऊसोंनी बजावलं होतं, कागद हातात आल्याशिवाय पिन मिळणार नाही. कागद आले.

मग पहिली खरी चाचणी. पिकअपमध्ये कुणी नाही. चावी आत, एक घर फिरवलेली, कारण चावी काढली की स्टेअरिंग कुलूप होतं आणि चाकं वळत नाहीत. मी आणि जिनपालराव बसच्या शेवटच्या बाकावर मागे तोंड करून बसलो. बस वळली. आणि मागच्या रिकाम्या गाडीतलं स्टेअरिंग आपोआप फिरलं. हळू, अगदी बेताबेतानं, शहाण्या ड्रायव्हरनं फिरवावं तसं. मग सरळ झालं. माझ्या अंगावर काटा आला.

"मिरजंच्या दवाखान्यात स्ट्रेचर बघितला न्हवं?" भाऊसो नंतर म्हणाले. "वढील तिकडं चाक फिरतंय. तेच हे."

तेच असेल. पण जिनपालराव त्या स्टेअरिंगकडे बघत होते तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होते. नऊ वर्षं तिथं त्यांचे हात होते. मधलं तेवढं दिसणाऱ्या त्या डोळ्यांना नेमकं तेच दिसत होतं. ते म्हणाले, "माज्याशिवाय बी येतीया की वो." म्हणाले हसत, पण दोरी धरलेली मूठ काही सैल झाली नाही.

भाऊसोंनी मग कागदावर सात ओळी लिहिल्या. पिन, पिनेची कडी, जादाच्या साखळ्या, शाफ्ट, न्यूट्रल, हँडब्रेक खाली, चावी आत. सैन्यातली पद्धत अशी, की वाचणारा एक आणि हात लावणारा दुसरा. दीपालीताई वाचतील, जिनपालराव एकेका वस्तूला हात लावून 'हाय' म्हणतील.

अक्षय्य तृतीयेला निघायचं ठरलं. जैन घरात तो मोठा दिवस. मगदुमांच्या शेडवर उसाचा रस काढला होता, पाहुणे जमले होते. भाऊसो इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि त्या सदऱ्यात अवघडले होते. सकाळी सातला सात ओळी वाचून झाल्या. सातही वेळा जिनपालरावांनी 'हाय' म्हटलं. भाऊसोंनी स्वतः पुन्हा सगळं पाहिलं आणि मग चपला काढून बाजूला उभे राहिले, कारण आता पूजा होती.

पूजा आक्काताईंची. जिनपालरावांच्या आई, वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ. त्या घरात पहिली मोपेड आली तेव्हापासूनचा रिवाज असा, की लांबच्या प्रवासाआधी गाडीची चावी चांदीच्या ताटात, अक्षतांवर, भगवंतांच्या फोटोपुढे ठेवायची, नऊ वेळा णमोकार म्हणायचा, आणि मग आक्काताईंनी स्वतःच्या हातानं चावी गाडी चालवणाऱ्याच्या हातात द्यायची. दोन गाड्या, दोन चाव्या. त्यांनी बसची चावी दीपालीताईंना दिली. डोक्यावर अक्षता टाकल्या. आम्ही सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे होतो.

बस निघाली. फाट्यापर्यंत जायचं म्हणून मी मागच्या बाकावर जिनपालरावांशेजारी बसले होते. अंगण सरळ पार झालं. फाटकातून डांबरी रस्त्याला डावीकडे वळायचं होतं. बस वळू लागली आणि मला टायर घासल्याचा आवाज आला. मला वाटलं, खडी असेल.

"फिरत न्हाई," जिनपालराव म्हणाले. "स्टेरिंग फिरत न्हाई!"

आणि त्यांनी दोरी ओढली. एक घंटी.

दीपालीताईंनी जागेवर ब्रेक मारला. मागे काहीतरी कडाडलं. आम्ही उतरलो तेव्हा पिकअप रस्त्यात तिरकी उभी होती, पुढची चाकं सरळची सरळ, आणि कैचीचा एक पाय चांगला चार बोटं वाकला होता. पिन जागेवर होती. भाऊसो अनवाणी धावत आले, दार उघडलं, आत वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

"चावी कुठं हाय?"

आक्काताई सावकाश चालत आल्या. त्यांनी कमरेला खोचलेली पिकअपची चावी काढली.

"मीच काढली, पूजेला," त्या म्हणाल्या. "बसची हिला दिली. ही द्यायची कुनाला? चालवनारा न्हाई. म्हनून ठेवली माज्यापाशी."

चावी त्यांनी पुढे धरली होती आणि ती घ्यायला कुणाचा हात पुढे होईना. मला इतका राग आला, की कुणावर काढावा ते समजेना. त्या म्हातारीवर काढता येत नव्हता. तिनं विचारलेला प्रश्न खरा होता. जिनपालराव बसच्या पायरीवर खाली बसले.

"विकून टाकू," ते म्हणाले. "हितं सपाटीला झालं म्हनून वाचलो. घाटात मला दिसलं नसतं तर? भाऊसो, तुमी लय केलं. पर आता बास."

"चूक माजी हाय," भाऊसो म्हणाले.

"तुमची कशी? आक्कांनी..."

"माजी. गाडीला शेवटचा हात लागला की त्येच्यानंतर तपासायचं. मी पूजेच्या आधी तपासलं. देवाच्या कामात काय चुकतंय, असं धरून चाललो." त्यांनी आपल्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे एकदा पाहिलं. "आट दिस द्या मला. मग विका, न्हाईतर ठेवा. पर वाकल्याली कैची माज्या नावावर ठिवून जाऊ नका."

त्यांच्या आवाजात विनवणी होती. ती मी त्याआधी कधी ऐकली नव्हती, आणि मला ती ऐकवेना.

ते आठ दिवस भाऊसोंच्या शेडमधून ठिणग्या उडत होत्या. मी चहा घेऊन जायचे, तो गार व्हायचा. कैची नवी केली. पाचव्या दिवशी ते बसच्या मागच्या कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले. सम्मेदनं तो रिव्हर्ससाठी बसवला होता, त्याचा छोटा पडदा पुढे दीपालीताईंच्या डाव्या हाताला.

"रिवस तर आता कवाच घ्यायचा न्हाई," भाऊसो म्हणाले. "मग ह्यो कशाला खाली बघत बसलाय?"

त्यांनी कॅमेरा वर वळवला, थेट पिकअपच्या काचेकडे. स्टेअरिंगच्या वरच्या कडेला पांढरं फडकं गुंडाळलं. मग मला पुढे पडद्यासमोर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन स्टेअरिंग फिरवलं. ते पांढरं टिंब डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. ते कुणालाही दिसलं असतं. मधलंच तेवढं दिसणाऱ्यालाही.

सहाव्या दिवशी त्यांनी नवी पिन घासायला घेतली. उसाच्या ट्रॉलीची पिन ते एका सकाळी दोन डझन करतात. ही एकच, आणि दीड दिवस. तिच्यात तोंड दिसत होतं. नंबर ठोकला, वहीत लिहिला. गावाच्या रकान्यात काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं. 'जातील तिथे' असं लिहिलं होतं.

गुरुवार होता, पुन्हा मगदुमांचं अंगण. मुहूर्त वगैरे काही नाही, पाहुणे नाहीत. भाऊसो आक्काताईंसमोर गेले, चपला काढल्या, आणि पिन दोन्ही हातांनी पुढे धरली.

"आक्का, चावी आता गाडीतच ऱ्हानार. ताटात ही ठेवा. ही असल्याबिगर गाडी हालतच न्हाई."

आक्काताईंनी पिन हातात घेतली. जड होती, मनगट खाली गेलं. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, नंबरावरून बोट फिरवलं. मग चांदीच्या ताटात, अक्षतांवर, बसच्या चावीशेजारी ठेवली. नऊ वेळा णमोकार झाला. बसची चावी दीपालीताईंना दिली. मग पिन उचलली आणि थांबल्या.

"आन् ही कुनाची?"

"जोडनाऱ्याची," भाऊसो म्हणाले.

आक्काताई मुलाच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या, त्याला दिसेल अशा. पिन त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं तिच्यावर मिटली.

"तुजी," त्या म्हणाल्या.

जिनपालराव बस आणि पिकअपच्या मधे गुडघ्यावर बसले आणि हातानं चाचपून पिन बसवली. कडी लावली. त्यानंतर सात ओळी वाचल्या गेल्या, पूजेनंतर. सातव्या ओळीला ते पिकअपच्या खिडकीतून आत वाकले, चावीला हात लावला आणि 'हाय' म्हणाले.

मग सवयीनं ते बसच्या मागच्या दाराकडे वळले.

"तिकडं कुठं?" दीपालीताई वरून ओरडल्या. "पडदा हितं हाय. म्होरं या."

ते पुढच्या दारानं चढले आणि बायकोशेजारच्या सीटवर बसले. समोर मोठी काच आणि काचेपलीकडे सरळ रस्ता. खाली मी आणि भाऊसो उभे होतो. पडद्याकडे बघायचं सोडून जिनपालराव रस्त्याकडेच बघत राहिले.

"नऊ वरसं," ते म्हणाले, "मी आपल्या घराची पाठच बघितली."

भाऊसोंनी एकदम मान खाली घातली. या वेळी ते हसत नव्हते. मी ओरडले, "बसायचं झालं असंल तर घंटी द्या! बस काय अशीच हालतीया व्हय?"

जिनपालरावांनी डोक्यावरची दोरी शोधली आणि ओढली. टण टण.

बस निघाली. अंगण पार झालं. फाटकाशी ती डावीकडे वळली, आणि मागची पिकअप फाटकाकडे आली. आत कुणी नाही. भाऊसो रस्त्याच्या कडेनं तिच्या बरोबरीनं चालत होते, अनवाणीच, मान वाकडी करून काचेतून आत बघत. मी त्यांच्या मागून पळत होते. पांढरं फडकं हललं, डावीकडे झुकलं, झुकलेलं राहिलं, आणि मग सावकाश वर आलं.

"वळली," भाऊसो म्हणाले.

मी म्हटलं, "व्हय. बघितली."